आजी बाजेवरून उठली की दोर वर येतात, जमिनीचंही तसंच आहे (फक्त तिला दहा-वीस हजार वर्षं लागतात)

गिरणा धरण शंभर टक्के भरलं की आमच्याकडं छोटी जत्राच असते, चाळीसगाव, भडगाव, पाचोरा सगळीकडून पोरं मोटारसायकली काढतात, दरवाजे उघडले की सगळ्यांचे मोबाइल वर आणि संध्याकाळपर्यंत ज्याच्या त्याच्या स्टेटसला तेच पांढरं पाणी. असाच एका वर्षी मी मामासोबत गेलो होतो. मामाला पाण्यापेक्षा तिथल्या भज्यांत जास्त इंटरेस्ट, तो भाग सोडा. परत येताना मी सहज बोलून गेलो की मामा, एवढं पाणी साठलं ना, त्याच्या वजनानं खालची जमीन थोडी दबली असणार. मामानं गाडी स्लो केली आणि मागं वळून बघितलं.

"पाणीले काय वजन ऱ्हास का रे भाचा?"

राहतं ना मामा, बादली उचलताना कळतं की. गिरणेचा उपयुक्त साठा साडेअठरा टीएमसी असं आपण पेपरात वाचतो, आता एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, म्हणजे साधारण २ कोटी ८३ लाख घनमीटर, आणि एक घनमीटर पाणी म्हणजे एक टन. गुणाकार केला तर ५२ कोटी टन होतात. दहा टनी ट्रक धरले तर सव्वापाच कोटी ट्रक एकाच खोऱ्यात आणून उभे केल्यासारखं आहे ते, आणि हे वजन पावसाळ्याच्या दोन-तीन महिन्यांत येतं आणि उन्हाळ्यापर्यंत कालव्यानं, नदीनं निघून जातं. मग खालची जमीन ढिम्म कशी राहील?

घरी आलो तर ओट्यावर आजी सुतळीच्या बाजेवर बसलेली. म्हटलं मामा हे बघ, आजी बसली की मधले दोर खाली जातात, उठली की लगेच वर येतात, जमिनीचा वरचा थर पण असाच आहे. दगड आपल्याला टणक वाटतो कारण आपण त्याच्यापुढं हलके आहोत, पण कोट्यवधी टन ठेवले की तोही लवतो आणि काढले की परत येतो. याला लवचीक प्रतिसाद म्हणायचं. किती लवतो? गिरणेसारख्या धरणाखाली हिशोब मिलिमीटरातच येतो, म्हणजे डोळ्याला दिसायचा प्रश्नच नाही. पण अमेरिकेत कोलोरॅडो नदीवर हूवर धरण बांधलं, १९३५ पासून त्याच्यामागं लेक मीड भरायला लागला, तो भरला की साधारण ३५ अब्ज घनमीटर पाणी मावतं, म्हणजे आपल्या गिरणेच्या पासष्ट-सत्तरपट, तर तिथं लोकांनी लेव्हलिंग करून मोजलं तेव्हा पुढच्या पंधराएक वर्षांत जमीन १५-२० सेंटिमीटर खाली गेलेली निघाली. एक वीत म्हणा ना.

इथपर्यंत मामाला पटलं. पण खरी मजा पुढं आहे, कारण बाजेचं उदाहरण अर्धंच खरं आहे.

बाज लगेच वर येते. जमीन सगळी लगेच वर येत नाही. वरचा कडक थर लगेच येतो, पण त्याच्याखाली प्रावरण आहे, आणि ते वागतं मांड्यांच्या कणकेसारखं. ज्यांच्या घरी खापरावरच्या पुरणपोळ्या होतात त्यांना सांगायला नको, ती कणीक किती सैल असते ते, आमची मामी तिंबून तिंबून तिला अशी करते की हातावर घेतली की आपल्याच वजनानं लांबत जाते. त्या गोळ्यावर पटकन थाप मारा, हात उसळून परत येतो, कणीक जणू रबर. पण त्याच गोळ्यावर वाटी ठेवून अर्धा तास विसरा, वाटी हळूहळू आत बसलेली असते, आणि वाटीच्या कडेनं चारी बाजूंनी कणीक थोडी वर फुगून आलेली असते. वाटी उचलली तरी खड्डा लगेच भरत नाही, हळूहळू भरतो, आणि कडेची फुगवटी हळूहळू बसते. हे चित्र डोक्यात ठेवा, पुढचं सगळं यातच आहे.

इथं एक गैरसमज काढून टाकतो. शाळेत आपण ऐकलेलं असतं की खाली सगळा लाव्हारस आहे आणि त्यावर जमीन तरंगते. तसं नाहीये. प्रावरण हा दगडच आहे, घन दगड, भूकंपाच्या ज्या लहरी द्रवातून जाऊच शकत नाहीत त्या त्याच्यातून आरामात जातात. पण तापलेला, दाबलेला दगड हजारो वर्षांच्या हिशोबात वाहतो. सेकंदाच्या हिशोबात तो लोखंड आणि हजार वर्षांच्या हिशोबात कणीक. वस्तू एकच, घाई केली तर एक वागणं आणि धीर धरला तर दुसरं.

आता वाटी कुठली ते सांगतो. साधारण २१ हजार वर्षांपूर्वी कॅनडाचा बहुतेक सगळा भाग आणि नॉर्वे-स्वीडन-फिनलंड बर्फाखाली होते, आणि बर्फ म्हणजे सिमल्याला हातात घेऊन फोटो काढतो तसला नाही, मधोमध ३ किलोमीटरच्या आसपास जाडीचा. सातपुड्याचं सगळ्यात उंच शिखर धूपगड साडेतेराशे मीटर, म्हणजे सातपुड्यावर सातपुडा ठेवला तरी वर बर्फ उरेल. एवढं पाणी जमिनीवर गोठून बसल्यामुळं जगभरचा समुद्र आजच्यापेक्षा १२० मीटरहून जास्त खाली होता. बर्फाची घनता ०.९२, प्रावरणाची ३.३ च्या आसपास, भागाकार केला की दर किलोमीटर बर्फामागं जमीन पावणेतीनशे मीटर खाली बसते, पुरेसा वेळ मिळाला तर. ३ किलोमीटरला आठशे-साडेआठशे मीटर झाले. एवढी जमीन खाली दाबली गेली, आणि खालचा दगड हळूहळू बाजूला सरकून बर्फाच्या कडेबाहेर फुगला, मामीच्या वाटीच्या कडेसारखा.

मग बर्फ वितळला. युरोपातला साधारण दहा हजार वर्षांपूर्वी संपला, कॅनडातला त्यानंतर दोन-तीन हजार वर्षांत. वाटी उचलली गेली, पण खड्डा अजून भरतोच आहे. आज, आत्ता, तुम्ही हे वाचताय तेव्हा, स्वीडनच्या उत्तर किनाऱ्याला जमीन वर्षाला जवळपास १ सेंटिमीटर वर येतेय, कॅनडात हडसन उपसागराजवळही त्याच वेगानं किंवा थोडी जास्त. फिनलंडला दरवर्षी साधारण ७ चौरस किलोमीटर नवी जमीन समुद्रातून फुकट मिळते. आपल्याकडं एका बांधावरून तीन पिढ्या कोर्टात जातात, आणि तिकडं समुद्रच मागं सरकून जमीन देतोय, नशीब असतं एकेकाचं.

स्वीडनमधल्या जुन्या लुलिओ गावाची गोष्ट मला फार आवडते. १६२१ मध्ये त्याला शहराचा दर्जा मिळाला, बंदर होतं, व्यापार होता. पण पाणी इतकं उथळ होत गेलं की बोटी लागेनात, आणि १६४९ मध्ये, म्हणजे अवघ्या २८ वर्षांत, शहरच उचलून समुद्राच्या बाजूला काही किलोमीटर पुढं न्यावं लागलं. जुनं गाव अजून आहे, दगडी चर्च, लाल लाकडी घरं, पण समुद्र गायब. लोकांना तेव्हा वाटायचं पाणी आटतंय.

आणि असं वाटणाऱ्यांत एक ओळखीचं नाव आहे, अँडर्स सेल्सिअस. हो तोच, ज्याच्या नावानं आपण दर मे महिन्यात बोंब मारतो, जळगाव ४४, भुसावळ ४५ सेल्सिअस. या माणसाला समुद्र खाली जातोय का ते मोजायचं होतं, म्हणून १७३१ मध्ये त्यानं लोवग्रुंड नावाच्या बेटावर एका मोठ्या दगडावर पाण्याच्या पातळीची खूण कोरून घेतली. जुन्या काळी ज्या खडकांवर सील येऊन झोपायचे ते खडक शिकारीसाठी मालकीचे असायचे, कागदपत्रांत नोंद असायची, आणि पुढं तेच खडक इतके वर आले की सीलला चढता येईना, तर तेही पुरावे त्यानं धरले. माप बरोबर, कारण चुकलं. त्याला वाटलं पाणी कमी होतंय, खरंतर जमीन वर येत होती. त्याची ती खूण आज पाण्यापासून साधारण दोन मीटर वर आहे. मला यात सेल्सिअसची चूक वाटतच नाही, एसटीत बसल्यावर बाजूची एसटी सुटली की आपलीच सुटली असं वाटतं ना, तसं आहे हे. जमीन आणि पाणी दोन्ही हलणारे, मग कोण हललं हे एका खुणेवरून कसं सांगणार?

यातला पहिला मोठा क्लू मात्र आपल्या देशात सापडला आणि हे आपल्याला शाळेत कोणी सांगत नाही. इंग्रजांनी हिंदुस्थानची मोजणी चालवली होती, त्यात मध्य प्रदेशातल्या सिरोंजजवळचं कल्याणपूर आणि उत्तर प्रदेशात मुजफ्फरनगरकडचं कलियाना, या दोन ठिकाणांतलं अंतर दोन पद्धतींनी काढलं, एकदा साखळीनं आणि त्रिकोण टाकून जमिनीवरून, आणि एकदा ताऱ्यांवरून. सहाशे किलोमीटरच्या आसपासचं अंतर, आणि दोन उत्तरांत फरक आला ५.२३६ सेकंदांचा (हा घड्याळाचा नाही, कोनाचा सेकंद, एका अंशाचे ३६०० भाग केले की त्यातला एक), जमिनीवर म्हणाल तर १६० मीटर. संशय हिमालयावर गेला, एवढा डोंगर ओळंब्याला आपल्याकडं ओढत असणार (गवंडी भिंत सरळ आहे का बघायला दोरीला वजन लावून सोडतो तो ओळंबा), आणि ओळंबाच तिरका असेल तर ताऱ्यांचं मापही चुकणार. जॉन प्रॅट नावाचे कलकत्त्याचे पाद्री होते, त्यांनी हिशोब मांडला की हिमालयानं किती ओढायला पाहिजे, तर उत्तर आलं जवळपास १६ सेकंद. म्हणजे डोंगर होता त्याच्या तिसऱ्या हिश्श्यानंच ओढत होता! बाकीचं वजन गेलं कुठं?

१८५५ मध्ये जॉर्ज एअरी या इंग्रज खगोलशास्त्रज्ञानं सांगितलं की डोंगराला खाली मूळ आहे. तापीला पूर आला की ओंडके वाहून येतात ते बघितलेत ना, जो ओंडका पाण्यावर जास्त उंच दिसतो तोच पाण्याखालीही जास्त खोल असतो. तसा हिमालय, वर जेवढा उंच त्याच्या कितीतरी पट खाली हलक्या दगडाचं मूळ, ज्यानं जड प्रावरणाची जागा घेतलीय, म्हणून एकूण ओढ कमी भरली. प्रॅटचं म्हणणं थोडं वेगळं होतं, की डोंगराखालचा सगळा दगडच हलका असतो. भांडण पुढं बरंच चाललं, पण मुद्दा दोघांचा एकच की जमीन खालच्या थरावर तोलून बसलेली आहे. पुस्तकात याला समस्थायित्व म्हणतात, शब्द दात पाडणारा आहे, आपण तोल म्हणू. आणि तोल आहे म्हटल्यावर वजन बदललं की तोल बदलणार, बर्फाचं सगळं गणित इथूनच निघतं.

मामा मध्येच म्हणाला, मंग ती कडेची फुगवटी? बरोबर पकडलं. वाटी उचलल्यावर मधला भाग वर येतो तशी कडेची फुगवटी खाली बसते. म्हणून अमेरिकेत चेसापीक उपसागराच्या बाजूला, युरोपात नेदरलँड्स आणि इंग्लंडच्या दक्षिणेला जमीन आजही हळूहळू खाली चाललीय, तिथं २१ हजार वर्षांपूर्वीचा तो मोठा बर्फ नव्हताच, ते बर्फाच्या शेजारी होते एवढाच त्यांचा गुन्हा. आता हवामान बदलामुळं समुद्र वाढतोय आणि वरून ही जमीन खाली, तिथल्या लोकांना डबल फटका. उलट स्वीडनच्या उत्तरेला समुद्र वाढूनसुद्धा किनाऱ्यावर पाणी उतरताना दिसतं, कारण जमीन त्याच्यापेक्षा फास्ट पळतेय. म्हणून "समुद्र इतके मिलिमीटर वाढला" हा जगाचा सरासरी आकडा एखाद्या गावाला थेट लावायचा नसतो.

खान्देशाला समुद्र नाही हे मान्य, पण अर्धा खान्देश सुरतेला पोट भरतो, उधना-लिंबायतला उतरलं की अहिराणी ऐकू येते, आणि आपली तापी सुरतेवरूनच समुद्राला मिळते, तर हे आपलंही आहे. यात आणखी एक विचित्र गोष्ट आहे जी मला पहिल्यांदा वाचून खोटीच वाटली होती. ग्रीनलंडचा बर्फ वितळला तर ग्रीनलंडच्या किनाऱ्याला समुद्र वाढत नाही, उतरतो. कारण एवढा मोठा बर्फाचा डोंगर समुद्राचं पाणी आपल्याकडं ओढून धरत असतो, हिमालयानं ओळंबा ओढला तसं, बर्फ कमी झाला की ती ओढ ढिली पडते आणि पाणी दूर जातं, शिवाय खालची जमीनही वर येते. साधारण दोन हजार किलोमीटरपर्यंत पाणी उतरतं, आणि ते सगळं लांबच्या किनाऱ्यांवर सरासरीपेक्षा जास्त चढतं. म्हणजे बर्फ तिकडं वितळणार आणि पाणी शेजाऱ्याच्या नाही तर लांबच्याच दारात जाणार.

बरं, हे सगळं हजारो वर्षांचंच असतं असंही नाही. आइसलँडमध्ये वात्नायोकुल नावाची प्रचंड हिमनदी पातळ होत चाललीय, तिथं खालचा दगड जास्त गरम आणि सैल असल्यामुळं काही ठिकाणी जमीन वर्षाला ३ सेंटिमीटरच्या वेगानं उठतेय. अलास्कात ग्लेशियर बे जवळ गुस्टाव्हस गावात असंच, तिथं वर आलेल्या सपाट जमिनीवर लोकांनी गोल्फचं मैदान केलंय.

आणि बाजेवरचं, म्हणजे लगेच खाली लगेच वर, ते तर दरवर्षी चालतं. ब्राझीलमध्ये अमेझॉनच्या काठी मनाउसला जीपीएस बसवलंय, पुराच्या दिवसांत जमीन खाली जाते आणि पाणी ओसरलं की वर येते, फरक ५ ते ७ सेंटिमीटर, दरवर्षी न चुकता. आपल्याकडं पावसाळ्यात गंगेच्या मैदानात एवढं पाणी साठतं की नेपाळमधली जीपीएस स्टेशनंसुद्धा हलतात, पावसाळ्यात दबतात आणि नंतर उठतात, आणि तिथले बारके भूकंप हिवाळ्यात जास्त होतात असंही दिसलंय. कॅलिफोर्नियात २०१४ च्या दुष्काळात उलटं झालं, पाणीच नाही म्हटल्यावर ओझं उतरलं आणि डोंगराकडची जमीन १५ मिलिमीटरपर्यंत वर आली. दुष्काळ मोजायचा हा एक नवाच मार्ग झाला, जमीन किती उठली ते बघा आणि पाणी किती गेलं ते काढा.

भूकंप म्हटलं की कोयना आठवणारच. ११ डिसेंबर १९६७ ची पहाट, ६.३ तीव्रतेचा भूकंप, धरणात पाणी साठायला १९६२ पासून सुरुवात झाली होती. तिथं नुसतं वजन नव्हतं, पाणी दाबानं खडकाच्या भेगांत शिरतं आणि दोन्ही बाजूंची पकड ढिली करतं, तो भाग महत्त्वाचा. आणि खाली आधीच ताणलेली भेग असावी लागते. तेव्हा प्रत्येक धरणाखाली भूकंप दडलाय असे मेसेज फॉरवर्ड करू नका.

आता आपल्या घरचं, आणि इथं लोक हमखास गोंधळतात. विहिरी-बोअरनं पाणी उपसलं तर जमीन वर येईल की खाली जाईल? उत्तर दोन्ही. दिल्लीत कापसहेडा भागात उपशामुळं जमीन वर्षाला १० सेंटिमीटरहून जास्त खचलेली सॅटेलाइटनं पकडलीय. ते ओझ्याचं काम नाही, तिथं मातीचे थर आहेत, कणांमधलं पाणी काढलं की चिकणमाती दबते, पिंजलेल्या कापसाची गादी चार वर्षांत चपटी होते तशी, आणि अशी दबलेली चिकणमाती परत पाणी दिलं तरी पूर्ण फुगत नाही. याउलट, त्याच पाण्याचं वजन उतरल्यामुळं आजूबाजूच्या मोठ्या पट्ट्यातला टणक दगड थोडासा वर उठतो. एकच मोटार चालू, जवळची माती खाली आणि लांबचा दगड वर.

आपल्याकडं दोन्ही प्रकारची जमीन आहे. रावेर-यावल-चोपड्याच्या केळीच्या पट्ट्यात तापीचा गाळ आहे, रेती, गोटे, चिकणमाती असे थरावर थर, शेकडो फूट खोल, तिथं बोअर दरवर्षी आणखी खाली घालावे लागतात. तापी ओलांडून दक्षिणेला आलं की काळा पाषाण, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, त्यात पाणी फक्त भेगांत आणि फुटलेल्या थरांत, तो दगड दबून दबणार किती? त्यामुळं दिल्लीची बातमी वाचून पाचोऱ्याच्या माणसानं घाबरायचं कारण नाही, केळीवाल्यांनी मात्र आपल्या चिकणमातीचा विचार करायला पाहिजे असं माझं मत, कारण तिथं गेलेली जागा परत मिळत नाही, पुढं पाणी मुरवायचं म्हटलं तरी ते मावणार कुठं.

उपशाची गंमत इथंच संपत नाही. १९९३ ते २०१० या काळात जगभरातून उपसलेल्या साधारण २१५० अब्ज टन पाण्यामुळं पृथ्वीच्या फिरण्याचा आस सुमारे ८० सेंटिमीटर सरकला असा हिशोब २०२३ मध्ये आला, आणि त्यात वायव्य भारताचा उपसा मोठा आहे. भोवऱ्याला एका बाजूला चिखल लागला की तो जसा डगमगतो तसं.

हे सगळं ऐकून मामा जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मंग आते धरण रिकामं व्हयनं की जमीन वर यी?" म्हटलं येईल की, मे महिन्यात, काही मिलिमीटर, तुझ्या उन्हाळी कांद्याला पाणी गेलं की. तेवढ्यात आजी बाजेवरून उठली. मधले दोर वर आले, पण सगळे नाही, ती जिथं रोज बसते तिथं एक झोळ राहिलाच, दहा वर्षांचा. मामानं त्यावर हात फिरवला, आणि पायथ्याची दोरी सोडून बाज ताणायला बसला.